तोंडून गेलेलं अक्षर

झीनस पेटिंगिल मास्तराला आयुष्यात एकच प्रेमपत्र आलं, आणि ते त्याने तपासून परत पाठवलं. बटरनट खोऱ्यातल्या म्हाताऱ्या अजून ही गोष्ट सांगतात आणि सांगताना एप्रनमध्ये तोंड लपवून हसतात. पत्र लिहिणारी होती गिरणीपलीकडची हल्डा ट्विचेल. पत्रात तीन चुका होत्या. झीनसने त्या सुधारल्या, खाली 'अक्षर बरे, स्पेलिंगकडे लक्ष द्यावे' असा शेरा मारला आणि कागद घडी घालून तिच्या दारी पोचवला. हल्डाने महिन्याभरात गिरणीवाल्याशी लग्न ठरवलं. चर्चच्या दारावर लग्नाची नोटीस लागली, तेव्हा मास्तराने खिशातला खडू काढून तिथेही एक अक्षर दुरुस्त केलं म्हणतात. मी काही पाहायला गेलो नव्हतो. पण ज्याने मास्तराला पाहिलंय त्याला ते खोटं वाटत नाही.

उन्हाळ्यात शेती आणि हिवाळ्यात शाळा, असं त्याचं वर्ष होतं. शेती म्हणजे आमच्या व्हर्माँटच्या डोंगरातली. नांगर घातला की बटाट्याआधी धोंडे वर यायचे. ते उचलून बांधावर रचता रचता माणसाची कंबर जायची. म्हणून लोक मेंढ्या पाळायचे. मास्तराच्याही होत्या. पण त्याचा खरा जीव होता हिवाळी शाळेच्या शेवटच्या दुपारवर. त्या दुपारी सगळं खोरं शाळेत लोटायचं आणि स्पेलिंगचा सामना व्हायचा. दोन्ही भिंतींना मुलांच्या दोन फळ्या उभ्या. मास्तर शब्द सांगणार, अर्थ सांगणार. चुकला तो खाली बसणार. शेवटी उभा राहील तो वर्षभर मान ताठ करून हिंडणार.

या सामन्यात मास्तराचा एक नियम होता. तोंडून गेलेलं अक्षर परत घ्यायचं नाही. 'थांबा, चुकलो' म्हणायची सोय नाही. बंदुकीतून सुटलेली गोळी आणि ओठातून सुटलेलं अक्षर त्याच्या लेखी सारखंच. चर्चचा कारभारी डीकन टेनी, त्याचा पोरगा वाइल्डर एकदा शेंबडाने गच्च भरलेला उभा राहिला आणि त्याच्या 'एम'चा 'बी' झाला. मास्तर म्हणाला, "बस खाली."

डीकन मागून म्हणाला, "अहो मास्तर, पोराला पडसं झालंय."

"पडशाचं स्पेलिंग वेगळं आहे, डीकन. ते विचारलं नव्हतं."

वाइल्डर बसला. ही गोष्ट तो विसरला नाही. तुम्हीही विसरू नका.

खोऱ्यात मास्तराला नावाने चिडवणारा एकच माणूस होता, लायमन गॉस. दोघे लहानपणी एका बाकावर बसलेले आणि पुढे बांधाला बांध लागून शेती करणारे. लायमन ताडमाड उंच. मेंढी कातरायला घेतली की लोकर एका तुकड्यात, घोंगडी काढावी तशी उतरवायचा. पण लिहायला बसला की स्वतःच्याच नावाचं स्पेलिंग आज एक तर उद्या दुसरं. त्याची मेंढ्यांना बोलावायची हाकही स्वतःची होती. बाकीचे शीळ घालायचे, कुत्रं सोडायचे. लायमन बांधाच्या खिंडारात उभा राहून घोगऱ्या आवाजात, पोराला निजवावं तसं म्हणायचा, "कू-नॅनी… कू-नॅनी…" आणि डोंगरभर पांगलेला कळप खाली मान घालून त्याच्या पायाशी यायचा.

"झीन्या," तो म्हणायचा, "तू एक दिवस स्वर्गाच्या दाराशी जाशील, वर पाटी लावलेली असेल, आणि तू तिच्यात चूक काढशील. मग तुला खालच्या शाळेत पाठवतील बघ."

"चूक असेल तर काढणारच."

"काढ बाबा. तिकडे उबदार तरी असतं म्हणे."

अठराशे बासष्ट साली उत्तर-दक्षिणेच्या युद्धासाठी माणसं हवी झाली तेव्हा दोघे एकाच दिवशी गेले. टेबलावर वही होती. लायमनने जीभ बाहेर काढून सही केली. मागून झीनस म्हणाला, "वाय. लायमनमध्ये वाय येतो, आय नाही."

लायमन वळून म्हणाला, "मरायला जाताना वाय लागतो होय रे?"

सगळे हसले. झीनसने त्याच्या हातातून लेखणी घेतली आणि वाय घातला.

पलटणीत मास्तराचं अक्षर पाहून त्याला कंपनीचा कारकून केला. रोज सकाळी हजेरी. नाव पुकारायचं आणि समोरच्या रकान्यात खूण करायची. हजर, आजारी, जखमी, मेला. दोन वर्षं त्याची वही अशी होती की दुसऱ्या कंपन्यांचे कारकून बघायला यायचे. एकही रकाना मोकळा नाही.

चौसष्टच्या मे महिन्यात व्हर्जिनियातल्या दाट झुडपी जंगलात लढाई झाली. शेजारचा माणूस दिसत नव्हता. आवाजाच्या दिशेने गोळ्या झाडायच्या. दुपारी जंगलाने पेट घेतला. संध्याकाळी कंपनीतली उरलेली माणसं एका रस्त्यावर गोळा झाली आणि मास्तराने त्या धुरात हजेरी घेतली.

"लायमन गॉस."

उत्तर आलं नाही. पुन्हा पुकारलं. मग एक जण म्हणाला, "मी बघितला त्याला, धुरात, ओझरता. ओढ्याकडे मागे चालला होता. बंदूक नव्हती हातात." दुसराही म्हणाला, हो, मीही बघितला, बंदूक टाकलीन आणि गेला.

कॅप्टनचा जखमी हात फडक्याने बांधलेला होता. तो म्हणाला, "पेटिंगिल, उद्यापर्यंत रकाना मोकळा ठेव."

"मोकळा रकाना म्हणजे कारकुनाचा आळस, साहेब. दोघांनी डोळ्यांनी पाहिलंय."

"मग तुला दिसेल ते लिही," असं म्हणून कॅप्टन पाणी प्यायला गेला. दुसऱ्या दिवशी तोही मेला.

झीनसने लिहिलं, 'डेझर्टेड'. पळाला. एकच एस. बरोबर.

आता यात त्याचं काय चुकलं, असं विचारणारे अजून भेटतात. त्याने पाहिलेल्यांचं ऐकलं आणि लिहिलं. पण बाकावर शेजारी बसलेल्या माणसासाठी एक रात्र थांबता आलं असतं. तेवढंच.

वही वर गेली, वरून वॉशिंग्टनला गेली. शब्द मात्र पावसाआधी वारा पोचावा तसा खोऱ्यात आधी पोचला. लायमनची बायको लोव्हायना तीन लेकरं घेऊन चर्चमध्ये बसायची तो बाक हळूहळू रिकामा झाला. शेजारचे दुसरीकडे सरकले. पोरांना रस्त्यात 'पळपुट्याची' म्हणू लागले. कळप तिच्याने सांभाळवेना, तेव्हा निम्म्या मेंढ्या शेजारी म्हणून झीनसनेच गवताच्या बदल्यात घेतल्या. युद्धावरून परतलेला, मान असलेला माणूस. पण त्या मेंढ्या त्याच्या शिट्टीला येईनात. कुत्रं सोडलं तर डोंगर चढून जात. आठ दिवस हे चाललं. नवव्या संध्याकाळी मास्तर बांधाच्या खिंडारात उभा राहिला, इकडेतिकडे पाहिलं आणि हलकेच म्हणाला, "कू-नॅनी."

मेंढ्या आल्या. तेव्हापासून रोज संध्याकाळी त्याला लायमनच्या आवाजात हाक मारावी लागे, आणि पलीकडच्या खिडकीत लोव्हायनाला ती ऐकावी लागे.

याहून वाईट होतं ते जेवण. आमच्याकडे मास्तराचा अर्धा पगार पोटातूनच चुकता व्हायचा. हिवाळाभर त्याने वारावर जेवायचं. ज्या घरातून जितकी पोरं शाळेत, त्या घरी तितके आठवडे. झोपायला आपल्या घरी, जेवायला लोकांच्या. लोव्हायनाची तीन पोरं. म्हणजे तीन आठवडे.

पहिल्या वर्षी सगळ्यांना वाटलं, ती दार लावून घेईल. तिने घेतलं नाही. घेवडे मंद आचेवर शिजवले, डुकराच्या मांसाचा तुकडा मास्तराच्या ताटात वाढला, मक्याच्या पावावर मेपलचा पाक ओतला. शिव्या दिल्या असत्या तर तो सुखाने जेवला असता. टेबलाच्या टोकाशी एक खुर्ची मोकळी होती. मास्तराची नजर तिकडे गेली तशी ती म्हणाली, "मास्तर, तुम्हाला मोकळा रकाना खपत नाही म्हणे. आमच्या घरात एवढा एक आहे. काय भरू त्यात, सांगा."

मास्तर म्हणाला, "पाव छान झालाय."

"घ्या ना अजून. पोटभर घ्या."

सत्तर सालच्या सामन्यात शेवटी दोघं उभी राहिली. एका भिंतीला गिरणीवाल्याचा थोरला, दुसऱ्या भिंतीला लोव्हायनाची रॉक्सी, बारा वर्षांची. पुस्तकातून शब्द क्रमाने द्यायचे हा शिरस्ता. मास्तराची नजर दोन शब्द पुढे गेली आणि त्याला दिसलं, पुढे काय येतंय ते. पान उलटता आलं असतं. खोकला काढून एक शब्द गाळता आला असता, कुणाला कळतंय? पण मग तो झीनस पेटिंगिल कसला.

"डेझर्ट," तो म्हणाला. "सोडून पळणे."

 हा शब्द कपटी. एक एस घातला तर पळणं, दोन घातले तर जेवणानंतरचं गोड. रॉक्सीला तो येत होता. तिला सगळं पुस्तक येत होतं.

"डी," ती म्हणाली. "ई. एस." आणि थांबली.

डीकन टेनी दयाळूपणे म्हणाला, "पुढचं अक्षर, बाळ?"

"पुढचं मास्तरांना येतं," रॉक्सी म्हणाली. "त्यांनी आधीच लिहिलंय." आणि आपणहून खाली बसली.

मास्तराने बक्षीस गिरणीवाल्याच्या पोराला दिलं.

त्र्याहत्तरच्या शरदात, मेपलची पानं लाल झाली होती तेव्हा, एक फेरीवाला पत्र्याची भांडी गाडीत घालून खोऱ्यातून चालला होता. एक पाय लाकडाचा. संध्याकाळची वेळ, मास्तर खिंडारात उभा राहून मेंढ्यांना बोलावत होता. फेरीवाल्याने घोडं थांबवलं.

"ही हाक तुम्ही कुठे शिकलात, हो?"

"का?"

"एका माणसाने मला ती ऐकवलीय. व्हर्जिनियाच्या जंगलात. माझा पाय गेला होता, आग जवळ आली होती. तुमच्याच डोंगरातला, उंच, मला काय म्हणतो, बंदूक आणि तू दोन्ही उचलवत नाही रे, आणि बंदूक टाकलीन. मेंढी खांद्यावर घेतात ना, तसं घेतलं मला. मी किंचाळत होतो आणि तो कानाशी म्हणत होता, कू-नॅनी, कू-नॅनी. ओढ्याच्या पलीकडे ठेवलंन आणि दुसऱ्याला आणायला परत गेला. मग सगळंच जंगल भडकलं."

मास्तराने विचारलं, "नाव विचारलंत त्याचं?"

"नाव विचारायची वेळ होती का ती, दादा?" फेरीवाला हसला. मग म्हणाला, "त्याचं घर इथेच कुठे आहे का? बायकोपोरं असतील तर चार शब्द सांगून जातो. नऊ वर्षं मनात आहे."

पलीकडे लोव्हायनाच्या धुराड्यातून धूर निघत होता. शंभर पावलं.

"मेंढ्या बाजारात घेतल्या," मास्तर म्हणाला. "हाक त्यांच्याबरोबर आली. इथे तसं कोणी नाही."

फेरीवाल्याने एक पळी भेट म्हणून दिली आणि तो कॅनडाच्या रस्त्याला लागला. पुन्हा दिसला नाही.

त्या रात्रीपासून मास्तर वॉशिंग्टनला पत्र लिहायला बसू लागला. 'सविनय विनंती' इथपर्यंत सुरेख जायचं. पुढे 'मी चुकलो' लिहायचं होतं. दुसऱ्यांच्या चुका काढण्यात ज्याची हयात गेली त्याला हे दोन शब्द उतरवता येईनात. स्पेलिंग येत होतं. तीन हिवाळे गेले. तीन हिवाळे तो लोव्हायनाच्या घरी वारावर जेवला, प्रत्येकी तीन आठवडे. पोटात ती बातमी आणि वर तिचा पाव.

शहात्तरच्या वसंतात खोऱ्याने ठरवलं की युद्धात गेलेल्यांच्या नावाचा दगड उभारायचा. अकरा नावं. नावं बिनचूक लिहून देणारा खोऱ्यात एकच. मास्तर यादी घेऊन मार्चच्या गावसभेला आला. रस्ते, वाट चुकलेली जनावरं, शाळेचं जळण, सगळे विषय झाले आणि दगडाचा विषय निघाला. मास्तर उभा राहिला.

"यादीत बारा नावं हवीत," तो म्हणाला. "लायमन गॉस पळाला नव्हता. मी लिहिलं ते चूक होतं. मला ते परत घ्यायचंय."

आणि त्याने सगळं सांगितलं. पत्र्याची भांडी, लाकडी पाय, खांद्यावर घेतलेली मेंढी. सभाध्यक्ष डीकन टेनी डोळे बारीक करून ऐकत होता.

"हा फेरीवाला कुठे असतो?"

"माहीत नाही."

"केव्हा आला होता?"

"तीन वर्षं झाली."

सभेत कुजबुज झाली. डीकन म्हणाला, "तीन वर्षं. आणि तो लायमनच्या घरी का नाही गेला, मास्तर?"

"मी जाऊ दिलं नाही. इथे तसं कोणी नाही म्हणालो."

मागच्या बाजूला बायका दुपारच्या जेवणाची भांडी मांडत होत्या. त्यांत लोव्हायनाही होती.

वाइल्डर टेनी उठला. आता तो तिशीचा, दाढीवाला, घरंदाज गडी. "मास्तर," तो म्हणाला, "तोंडून गेलेलं अक्षर परत घेता येत नाही. आम्हाला तुम्हीच शिकवलंत. मला तर पडसं झालं होतं."

सभा हसली. मनापासून हसली. त्या हसण्यातच काम झालं. मास्तराच्या हाताखाली जे जे खाली बसले होते ते सगळे त्या बाकांवर होते, आणि खरं सांगायचं तर बारा वर्षं लोव्हायनाला टाळल्यावर आता ते चुकलंच म्हणायची तयारी कुणाची होती? डीकनने मत घेतलं. 'होय' म्हणणारे चार निघाले. 'नाही'ने खिडक्या हलल्या. वॉशिंग्टनची वही बदलली तर पाहू, असं ठरलं.

जेवण वाढायला लोव्हायना पुढे झाली. घेवड्यांचं भांडं एका हातात, पळी दुसऱ्या हातात. डीकनला वाढलं, वाइल्डरला वाढलं, 'नाही' म्हटलेल्या एकेकाला पळी भरून वाढलं. मास्तरापाशी आली आणि थांबली. मास्तराने ताट पुढे केलं, सवयच ती.

"तीन हिवाळे," ती हळू आवाजात म्हणाली. "पाव छान झालाय म्हणायचात."

"लोव्हायनाबाई—"

"तुमचा वार झाला, मास्तर," ती म्हणाली आणि पुढच्याला वाढू लागली.

त्या रात्री त्याने पत्र पुरं केलं. एका बैठकीत, एकही खाडाखोड नाही. दोन महिन्यांनी उत्तर आलं: प्रत्यक्ष पाहणारा साक्षीदार आणावा, अथवा कंपनीच्या कॅप्टनची सही. मजकुरात एक स्पेलिंगची चूक होती. मास्तराने ती सुधारली नाही.

मेअखेर, मृत सैनिकांच्या दिवशी, दगड उभा राहिला. फुलं वाहिली, भाषणं झाली. अकरा नावं, सगळी बिनचूक. रॉक्सी त्या उन्हाळ्यात शाळेची बाई झाली होती. तिने पोरांना रांगेने आणलं, दगडापाशी नमस्कार करवला आणि परत नेलं. मास्तर वाटेत उभा होता. त्याच्याकडे पाहून ती म्हणाली, "माझ्या शाळेत अक्षर परत घेता येतं, मास्तर. म्हटलं, तुम्हाला सांगावं."

"चांगलं केलंस. मीही आधीच—"

"पोरांसाठी केलंय," ती म्हणाली.

संध्याकाळी मास्तर खिंडारात जाऊन उभा राहिला. मेंढ्या वर डोंगरावर होत्या. आता त्या लायमनच्या मेंढ्यांच्या नाती-पणत्या, पण हाक तीच ओळखायच्या. मान वर करून वाट पाहू लागल्या. त्याने तोंड उघडलं. आवाज निघेना. पुन्हा उघडलं. उभ्या खोऱ्याने आज ज्याला दगडावर जागा दिली नाही त्याची हाक घशातून काढायची कशी? मेंढ्या ताटकळल्या. एक-दोन बें-बें करू लागल्या. ऊन डोंगराच्या माथ्यावर गेलं.

मग बांधापलीकडून आवाज आला. घोगरा नव्हता, बाईमाणसाचा होता. पण लय तीच.

"कू-नॅनी… कू-नॅनी…"

कळपाने एकदा मास्तराकडे पाहिलं. मग पुढची मेंढी वळली, तिच्यामागे दुसरी, आणि सगळा कळप बांधाला लागून खाली उतरत लोव्हायनाच्या फाटकाकडे निघाला. ती फाटक उघडून उभी होती. एकेक करून सगळ्या आत गेल्या. शेवटचं एक लंगडं कोकरू राहिलं होतं; तिने ते खांद्यावर घेतलं आणि फाटक लावलं.

मास्तराने त्या परत मागितल्या नाहीत. खिंडारही त्याने कधी बुजवलं नाही. पुढची एकोणीस वर्षं ते तसंच मोकळं होतं.